एमआरआयमधील पल्स सीक्वेन्स आणि प्रतिमेतील कॉन्ट्रास्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच अवयवाच्या इतक्या वेगवेगळ्या प्रतिमा का घेतल्या जातात?

एमआरआयच्या प्रतिमेत ऊतीचा कोणताही एक गुणधर्म जसाच्या तसा उमटत नाही. यंत्राने रेडिओ लहरींचे स्पंद कोणत्या क्रमाने, किती तीव्रतेने आणि किती अंतराने दिले, तसेच परत आलेला सिग्नल नेमका केव्हा टिपला, यावर कोणती ऊती उजळ दिसेल आणि कोणती काळी, हे ठरते. या आखलेल्या क्रमालाच पल्स सीक्वेन्स म्हणतात. तोच मेंदू, तोच छेद आणि तेच यंत्र असूनही एका सीक्वेन्समध्ये मस्तिष्कमेरू द्रव काळा दिसतो आणि दुसऱ्यात तोच सर्वांत उजळ असतो. प्रत्येक सीक्वेन्स ऊतीला एक वेगळा प्रश्न विचारतो आणि निदान बहुधा अशा तीन-चार उत्तरांची सांगड घालून होते. म्हणूनच एखादी प्रतिमा सुटी काढून तिच्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

मुळात सिग्नल येतो कुठून?

शरीरातील पाणी आणि चरबी यांतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांपासून, म्हणजे प्रोटॉनपासून तो येतो. बलवान चुंबकीय क्षेत्रात प्रोटॉन क्षेत्राच्या तीव्रतेनुसार ठरलेल्या वारंवारतेने परांचन करतात, म्हणजे भोवऱ्यासारखे डोलत फिरतात. ही वारंवारता दर टेस्लाला सुमारे ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १.५ टेस्लाच्या यंत्रात जवळपास ६४ मेगाहर्ट्झ असते. नेमक्या याच वारंवारतेचा रेडिओ स्पंद दिला, की क्षेत्राच्या दिशेतले चुंबकन आडवे झुकते आणि हे फिरणारे आडवे चुंबकन कॉइलमध्ये, म्हणजे सिग्नल टिपणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, विद्युतदाब निर्माण करते. चुंबकन किती अंशांनी झुकवले, त्या कोनाला फ्लिप अँगल म्हणतात. क्षेत्राच्या दिशेत उरलेले चुंबकन थेट टिपता येत नाही. ते आधी आडवे करावे लागते. ही गोष्ट पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी आहे.

टी१ आणि टी२ यांत नेमका फरक काय?

स्पंद थांबल्यावर दोन घडामोडी एकाच वेळी सुरू होतात. पहिली म्हणजे प्रोटॉन घेतलेली ऊर्जा परिसराला देतात आणि क्षेत्राच्या दिशेतले चुंबकन हळूहळू पूर्ववत होऊ लागते. ९० अंशांच्या स्पंदानंतर ते ६३ टक्के पूर्ववत होण्यास लागणारा काळ म्हणजे टी१. दुसरी म्हणजे शेजारच्या प्रोटॉनांच्या परस्परांवरील परिणामामुळे त्यांचा ताळमेळ बिघडत जातो आणि आडवे चुंबकन विरते. ते ३७ टक्क्यांवर येण्यास लागणारा काळ म्हणजे टी२. टी२ हा टी१ पेक्षा नेहमी कमी असतो, फार तर शुद्ध द्रवांत त्याच्या जवळ पोहोचतो.

१.५ टेस्लाला चरबीचा टी१ साधारण २५० मिलिसेकंद, मेंदूतील श्वेत द्रव्याचा सुमारे ६००, करड्या द्रव्याचा ९५० च्या आसपास आणि मस्तिष्कमेरू द्रवाचा जवळपास ४,००० मिलिसेकंद असतो. टी२ मात्र श्वेत द्रव्यात ८० च्या आणि करड्या द्रव्यात १०० च्या आसपास असतो, तर द्रवात तो २,००० पर्यंत जातो. वेगवेगळ्या मोजमापांत हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण त्यांचा चढता-उतरता क्रम बदलत नाही आणि कॉन्ट्रास्टच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा असतो.

टीआर आणि टीई बदलल्याने कॉन्ट्रास्ट कसा बदलतो?

टीआर म्हणजे एका उत्तेजक स्पंदापासून पुढच्या उत्तेजक स्पंदापर्यंतचा काळ, तर टीई म्हणजे उत्तेजक स्पंदापासून इको, म्हणजे पुन्हा जुळून आलेला सिग्नल, टिपला जाईपर्यंतचा काळ. स्पिन इको या मूलभूत सीक्वेन्समध्ये टीआरवर टी१ चा प्रभाव किती दिसेल हे ठरते आणि टीईवर टी२ चा. टीआर आखूड ठेवला, की दीर्घ टी१ असलेल्या ऊतींना सावरायला वेळ मिळत नाही आणि त्या मागे पडतात. टीई लांबवला, की आखूड टी२ असलेल्या ऊतींचा सिग्नल विरून जातो.

हे आकड्यांतून अधिक स्पष्ट होते. करड्या द्रव्याची सापेक्ष प्रोटॉन घनता ०.८, श्वेत द्रव्याची ०.७ आणि मस्तिष्कमेरू द्रवाची १ धरू. टी१ व टी२ वर दिलेलेच घेऊ. टीआर ५०० आणि टीई १० मिलिसेकंद ठेवल्यास श्वेत द्रव्याचा सिग्नल सुमारे ०.३५, करड्याचा ०.३० आणि द्रवाचा केवळ ०.१२ येतो. म्हणजे श्वेत द्रव्य उजळ, करडे त्याहून मंद आणि द्रव काळा. ही टी१ भारित प्रतिमा झाली. आता टीआर ४,००० आणि टीई १०० केला, तर द्रव ०.६० वर जातो, करडे द्रव्य ०.२९ वर राहते आणि श्वेत द्रव्य ०.२० वर घसरते. क्रम पूर्ण उलटला. ही टी२ भारित प्रतिमा. टीआर ४,००० च ठेवून टीई १० वर आणला, तर करडे द्रव्य ०.७१ आणि श्वेत द्रव्य ०.६२ येते. येथे टी१ आणि टी२ दोन्हींचा प्रभाव कमी राहतो आणि फरक मुख्यतः प्रोटॉन घनतेचा दिसतो.

उरलेली चौथी जोडी, म्हणजे आखूड टीआर आणि लांब टीई, पाठ्यपुस्तकांत सहसा एका ओळीत निकालात काढलेली असते. पण ती करून पाहण्यासारखी आहे. टीआर ५०० आणि टीई १०० ठेवल्यास करडे द्रव्य ०.१२ आणि श्वेत द्रव्य ०.११ येते. टी१ ने दिलेला फरक टी२ ने पुसून टाकला आणि वर सिग्नलही एक तृतीयांशाच्या आसपास उरला. टी१ चा आणि टी२ चा कॉन्ट्रास्ट बहुतेक ऊतींत एकमेकांच्या विरुद्ध दिशेने काम करतो, कारण ज्या ऊतीचा टी१ दीर्घ असतो तिचा टी२ ही बहुधा दीर्घ असतो. त्यामुळे दोन्ही एकदम मिळवण्याचा हव्यास धरला, तर हाती काहीच लागत नाही.

‘भारित’ असे का म्हणतात? प्रतिमा पूर्णपणे टी१ ची किंवा टी२ ची नसते का?

नसते. टीआर कितीही लांबवला तरी टी१ चा थोडा अंश शिल्लक राहतो; वरच्या उदाहरणात टीआर ४,००० असूनही मस्तिष्कमेरू द्रव जेमतेम ६३ टक्के सावरलेला असतो. प्रोटॉन घनतेचा प्रभाव तर प्रत्येक प्रतिमेत असतोच. शिवाय एमआरआयमधील उजळपणाला सीटी स्कॅनमधील हाऊन्सफिल्ड एककांसारखे ठरीव मोजमाप नाही. कॉइल, सीक्वेन्स आणि यंत्राच्या मांडणीनुसार तोच आकडा बदलतो. उजळपणाची तुलना त्याच प्रतिमेतील शेजारच्या ऊतीशीच करायची असते.

प्रतिमा पाहून ती टी१ भारित आहे की टी२ भारित, हे कसे ओळखावे?

मेंदूच्या प्रतिमेत आधी श्वेत आणि करडे द्रव्य पाहावे. श्वेत द्रव्य अधिक उजळ असेल, तर प्रतिमा प्रौढांमध्ये टी१ भारित असते. ‘द्रव काळा म्हणजे टी१’ ही सोपी खूण फ्लेअर प्रतिमेत फसवते, कारण ती टी२ भारित असूनही तिच्यात द्रव मुद्दाम काळा केलेला असतो. चरबीवरून ओळखणेही बेभरवशाचे आहे. काही महिन्यांच्या बाळाच्या मेंदूत मायलिन (चेतातंतूंवरचे मेदयुक्त आवरण) पुरेसे तयार झालेले नसल्याने श्वेत आणि करड्या द्रव्याचा क्रमही प्रौढांच्या उलट असतो. प्रतिमेच्या कडेला छापलेले टीआर, टीई आणि टीआय (चुंबकन उलटवल्यानंतरचा थांबा, ज्याची माहिती पुढे आहे) वाचणे हाच खात्रीचा मार्ग.

स्पिन इकोमध्ये १८० अंशांचा स्पंद कशासाठी देतात?

चुंबकीय क्षेत्र कधीही पूर्णपणे एकसारखे नसते. यंत्राच्या मर्यादा, हवा आणि ऊती यांच्या सीमा, शरीरातील धातू यांमुळे जागोजागी सूक्ष्म फरक पडतात आणि प्रोटॉन थोड्या वेगळ्या वेगाने फिरू लागतात. त्यामुळे सिग्नल टी२ च्या अंदाजापेक्षा बराच लवकर विरतो. या जलद काळाला टी२ स्टार म्हणतात. ९० अंशांच्या स्पंदानंतर टीईच्या निम्म्या वेळी १८० अंशांचा स्पंद दिला, की पुढे गेलेले प्रोटॉन तितकेच मागे टाकले जातात आणि उरलेल्या निम्म्या वेळात सर्वांचा फेज पुन्हा जुळून इको तयार होतो. क्षेत्रातील स्थिर फरकांचा परिणाम अशा रीतीने पुसला जातो आणि खरा टी२ उरतो. हा इको अर्विन हान यांनी १९५० मध्ये दाखवला, म्हणजे अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनापासून प्रतिमा काढण्याची पॉल लॉटरबर यांची पद्धत १९७३ मध्ये प्रसिद्ध होण्याच्या बऱ्याच आधी.

फास्ट स्पिन इको म्हणजे तेच, फक्त जलद?

जवळपास तेच, पण अगदी तेच नव्हे. साध्या स्पिन इकोमध्ये प्रत्येक टीआरमध्ये प्रतिमेच्या कच्च्या माहितीच्या तक्त्याची, म्हणजे के-स्पेसची, एकच ओळ भरली जाते. टीआर ३,००० मिलिसेकंद आणि ओळी २५६ असतील, तर १२ मिनिटे ४८ सेकंद लागतात आणि तेवढा वेळ निश्चल पडून राहणे बहुतेकांना जमत नाही. योर्गन हेनिग आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एका उत्तेजनानंतर १८० अंशांचे अनेक स्पंद देऊन प्रत्येक इकोतून वेगळी ओळ भरली जाते. अशा १६ इकोंची मालिका घेतली, तर तेच काम ४८ सेकंदांत होते.

याची किंमत कॉन्ट्रास्टमध्ये मोजावी लागते. प्रत्येक ओळ वेगळ्या टीईला टिपली जात असल्याने एकच खरा टीई उरत नाही. के-स्पेसच्या मध्यावरील ओळींतून मुख्यतः कॉन्ट्रास्ट ठरतो आणि कडेच्या ओळींतून बारकावे. म्हणून मध्यावरील ओळी ज्या इकोतून भरल्या, त्याचा काळ ‘परिणामी टीई’ म्हणून धरतात. मालिका फार लांबवली, तर आखूड टी२ असलेल्या ऊतींच्या कडा पुसट होतात. जवळजवळ दिलेल्या स्पंदांमुळे चरबी साध्या स्पिन इकोपेक्षा उजळ दिसते, तर जुन्या रक्तस्रावाची काळी खूण फिकी पडते. टी२ भारित प्रतिमेत चरबी इतकी उजळ का, या नेहमीच्या शंकेचे उत्तर येथे आहे, आणि अशा प्रतिमेत चरबी वेगळ्या मार्गाने दडवण्याचे कारणही.

ग्रेडियंट इकोत वेगळे काय असते?

येथे १८० अंशांचा स्पंद नसतो. ग्रेडियंटची, म्हणजे जागेनुसार बदलणाऱ्या जादा चुंबकीय क्षेत्राची, दिशा उलटवून इको तयार केला जातो. त्यामुळे क्षेत्रातील स्थिर फरक पुसले जात नाहीत आणि प्रतिमेत टी२ ऐवजी टी२ स्टार दिसतो. हा दोष वाटला, तरी सूक्ष्म रक्तस्राव शोधताना तोच गुण ठरतो. रक्ताच्या विघटनातून उरलेली लोहयुक्त द्रव्ये आजूबाजूचे क्षेत्र बिघडवतात आणि टीई पुरेसा लांब असेल, तर त्यांच्या आकारापेक्षाही मोठा काळा ठिपका उमटतो. ससेप्टिबिलिटी (पदार्थाची चुंबकित होण्याची क्षमता) भारित प्रतिमांत याच परिणामाला फेजच्या माहितीची जोड दिली जाते आणि त्यामुळे कॅल्शियमचा साठा व रक्त यांत फरक करता येतो, कारण दोघांमुळे फेज विरुद्ध दिशेने सरकतो.

दुसरा फरक फ्लिप अँगलचा. चुंबकन पूर्ण ९० अंश न झुकवता थोडेच झुकवले, तर क्षेत्राच्या दिशेतला मोठा वाटा शिल्लक राहतो आणि टीआर काही मिलिसेकंदांवर आणता येतो. दिलेल्या टीआर आणि टी१ साठी सर्वाधिक सिग्नल देणाऱ्या कोनाला अर्न्स्ट कोन म्हणतात. टीआर १० आणि टी१ १,००० मिलिसेकंद असेल, तर तो जेमतेम ८ अंश येतो. उरलेले आडवे चुंबकन दर वेळी मोडून काढणाऱ्या सीक्वेन्समध्ये कोन याहून वाढवला, की टी१ चा प्रभाव वाढतो आणि कमी केला, की प्रतिमा प्रोटॉन घनतेकडे झुकते. याउलट ते चुंबकन मोडून न काढता जपणाऱ्या संतुलित स्थिर-अवस्था सीक्वेन्समध्ये कॉन्ट्रास्ट टी२ आणि टी१ यांच्या गुणोत्तरावर अवलंबून राहतो. म्हणून त्यात रक्त आणि द्रव दोन्ही उजळ दिसतात आणि धडधडत्या हृदयाच्या चलचित्रणासाठी तो विशेष उपयोगी पडतो.

इन फेज आणि आउट ऑफ फेज प्रतिमा कशासाठी घेतात?

चरबीतील प्रोटॉन पाण्यातील प्रोटॉनांपेक्षा दशलक्षांश ३.५ इतके मंद फिरतात. १.५ टेस्लाला हा फरक सुमारे २२० हर्ट्झचा होतो. त्यामुळे उत्तेजनानंतर साधारण २.३ मिलिसेकंदांनी चरबी आणि पाणी परस्परविरुद्ध असतात आणि ४.६ मिलिसेकंदांनी पुन्हा एका दिशेत येतात. प्रतिमेच्या एकाच सूक्ष्म घनात (व्हॉक्सेलमध्ये) दोन्ही असतील, तर विरुद्ध स्थितीत सिग्नल घटतो. यकृतात साठलेली चरबी आणि अधिवृक्क ग्रंथीतील मेदयुक्त ॲडिनोमा (सौम्य गाठ) ओळखण्याचा हा आडवळणाचा, पण भरवशाचा मार्ग आहे.

३ टेस्लाच्या यंत्रात हा फरक दुप्पट, म्हणजे सुमारे ४४० हर्ट्झ होतो आणि २.३ मिलिसेकंदांना चरबी व पाणी विरुद्ध नसून एकत्र असतात. १.५ टेस्लाचा प्रोटोकॉल टीई न बदलता तसाच उतरवून घेतला, तर ‘आउट ऑफ फेज’ असे नाव असलेली प्रतिमा प्रत्यक्षात इन फेज निघते आणि चरबी असूनही ती नाही असा समज होऊ शकतो.

इन्व्हर्जन रिकव्हरी, स्टिर आणि फ्लेअर यांचा परस्परसंबंध काय?

तिन्हींचे तत्त्व एकच आहे. आधी १८० अंशांचा स्पंद देऊन चुंबकन उलटे केले जाते, मग टीआय इतका काळ थांबून प्रतिमा घेतली जाते. उलटे झालेले चुंबकन सावरताना शून्यातून जाते आणि नेमक्या त्या क्षणी टिपले, तर त्या ऊतीचा सिग्नल येत नाही. टीआर पुरेसा दीर्घ असल्यास शून्याचा क्षण टी१ च्या सुमारे ०.६९ पट असतो. चरबीचा टी१ २५० धरला, तर हा क्षण १७३ मिलिसेकंद येतो, प्रत्यक्षात १.५ टेस्लाला चरबी दडवणाऱ्या स्टिरसाठी टीआय साधारण १५० ते १७० ठेवतात.

फ्लेअरमध्ये लक्ष्य मस्तिष्कमेरू द्रव असतो. तोच हिशेब केला, तर ४,००० च्या टी१ साठी २,७७० मिलिसेकंद येतात. पण टीआर ९,००० असताना द्रव दोन आवर्तनांमध्ये पूर्ण सावरत नाही, म्हणून शून्याचा क्षण अलीकडे सरकतो आणि सुमारे २,३७० वर येतो. टीआर बदलून टीआय तसाच ठेवल्यास द्रव नीट काळा होत नाही, त्याचे कारण हेच. द्रव दडल्यामुळे मेंदूच्या पोकळ्यांलगतचे लहान व्रण, उदाहरणार्थ मल्टिपल स्क्लेरोसिसमधील, साध्या टी२ प्रतिमेपेक्षा फ्लेअरमध्ये कितीतरी स्पष्ट दिसतात. मेंदूच्या तपासणीत एकच सीक्वेन्स निवडायची वेळ आली, तर अनेक जण फ्लेअर मागतील. पश्चमेंदूच्या भागात मात्र तो तितका संवेदनशील नाही. तिथे साधी टी२ प्रतिमा सोबत असायलाच हवी.

चरबी दडवण्यासाठी स्टिर वापरावे की फॅट सॅच्युरेशन?

धातूचे रोपण जवळ असेल किंवा मान व खांद्यासारख्या, क्षेत्र बिघडवणाऱ्या आकाराच्या भागाची तपासणी असेल, तर स्टिर अधिक भरवशाचे, कारण ते वारंवारतेवर नव्हे, तर टी१ वर अवलंबून असते. फॅट सॅच्युरेशनमध्ये चरबीच्या नेमक्या वारंवारतेचा स्पंद देऊन ती निष्प्रभ केली जाते. क्षेत्र सरकले, की हा नेम चुकतो. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट औषध दिल्यानंतर स्टिर वापरू नये, कारण औषधाने टी१ आखूड झालेली रोगट ऊतीही चरबीबरोबर काळी पडू शकते. थॉमस डिक्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चरबी आणि पाणी यांच्या वेगळ्या प्रतिमा गणिताने काढल्या जातात आणि सध्या अनेक ठिकाणी हाच उत्तम मध्यममार्ग ठरतो.

डिफ्यूजन प्रतिमा टी१ किंवा टी२ यांपैकी कशात मोडते?

डिफ्यूजन प्रतिमेचा पाया टी२ चा असतो. तिच्यात पाण्याच्या रेणूंच्या हालचालीची माहिती वरून मिसळलेली असते. १८० अंशांच्या स्पंदाच्या दोन्ही बाजूंना बलवान ग्रेडियंट दिले जातात. रेणू जागचे हलले नसतील तर दोघांचा परिणाम फिटतो, हलले असतील तर सिग्नल घटतो. स्टेयस्काल आणि टॅनर यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही रचना आजही मूलतः तशीच वापरात आहे. ग्रेडियंटचा जोर बी मूल्याने सांगितला जातो आणि मेंदूसाठी ते सहसा १,००० सेकंद प्रति चौरस मिलिमीटर असते. तीव्र पक्षाघातात पेशी सुजल्यामुळे पाण्याची हालचाल अडते आणि तो भाग उजळ दिसतो.

उजळ दिसलेला प्रत्येक भाग मात्र डिफ्यूजन अडल्यामुळेच उजळ असतो असे नाही. टी२ फार दीर्घ असेल, तरी तो भाग उजळ उरतो. म्हणून वेगवेगळ्या बी मूल्यांच्या प्रतिमांतून एडीसी नकाशा (पाण्याच्या हालचालीच्या प्रमाणाचा नकाशा) काढून सोबत पाहावाच लागतो. हालचाल खरोखर अडली असेल, तर तिथे तो भाग काळा दिसतो.

गॅडोलिनियम दिल्यावर टी१ भारित प्रतिमाच का घेतात?

गॅडोलिनियम स्वतः दिसत नाही. ते शेजारच्या पाण्याचे शिथिलन घडवून टी१ आखूड करते. नेहमीच्या मात्रेत हा परिणाम टी१ भारित प्रतिमेत सर्वांत ठळक उमटतो. औषधाचा दाट प्रवाह मेंदूतून जात असताना मात्र टी२ स्टारवरील परिणाम वरचढ ठरून सिग्नल खाली जातो, आणि मेंदूच्या परफ्यूजन (रक्तपुरवठ्याच्या) तपासणीत तोच मोजला जातो. औषध देण्यापूर्वीची टी१ प्रतिमा असणे आवश्यक आहे, कारण चरबी, मेथहिमोग्लोबिन (साचलेल्या रक्तात तयार होणारे द्रव्य) आणि प्रथिनयुक्त द्रव औषधाशिवायही उजळ असतात.

३ टेस्लाला तेच आकडे चालतात का?

बहुधा नाही. क्षेत्र वाढले, की बहुतेक ऊतींचा टी१ लांबतो. म्हणून त्याच टीआरला मिळणारा टी१ कॉन्ट्रास्ट बदलतो आणि स्टिरचा टीआय २०० मिलिसेकंदांच्या पुढे न्यावा लागतो. त्याच स्पंदांतून शरीरात शोषली जाणारी रेडिओ ऊर्जा साधारण चौपट होते. त्यामुळे फास्ट स्पिन इकोमधील स्पंदांचे कोन १८० अंशांखाली आणावे लागतात आणि कॉन्ट्रास्ट पुन्हा थोडा सरकतो.

वेगवेगळ्या कंपन्यांची नावे वेगळी का असतात?

ती व्यापारी नावे आहेत. फास्ट स्पिन इकोला सीमेन्स आणि फिलिप्स टर्बो स्पिन इको म्हणतात. संतुलित स्थिर-अवस्था सीक्वेन्स सीमेन्सकडे ट्रूफिस्प, जीईकडे फिएस्टा आणि फिलिप्सकडे बॅलन्स्ड एफएफई या नावाने मिळतो.

एकाच सीक्वेन्समधून सगळे कॉन्ट्रास्ट मिळू शकतील का?

काही प्रमाणात ते होऊ लागले आहे. सिंथेटिक एमआरआयमध्ये एका मोजमापातून टी१, टी२ आणि प्रोटॉन घनता यांचे अंदाजित नकाशे काढतात आणि त्यांवरून हव्या त्या टीआर व टीईची प्रतिमा गणिताने तयार करतात. २०१३ मध्ये मांडल्या गेलेल्या फिंगरप्रिंटिंग पद्धतीत फ्लिप अँगल आणि टीआर मुद्दाम अनियमित बदलत ठेवून मिळालेला सिग्नल आधी गणलेल्या नमुन्यांच्या कोशाशी जुळवला जातो. गणिताने बनवलेल्या फ्लेअर प्रतिमेत मात्र द्रव आणि मेंदू यांच्या सीमेवर खोटा उजळपणा येऊ शकतो, कारण तेथील सूक्ष्म घनात दोन्ही मिसळलेले असतात आणि नकाशात त्यांचे एकच सरासरी मूल्य येते. अशा ठिकाणी शंका आली, तर प्रत्यक्ष घेतलेल्या फ्लेअरशी पडताळा करणे अजूनही आवश्यक आहे.